कीमोचे एकवीस दिवस: कोकणातल्या घरात राहून त्रास कसा सांभाळायचा

कीमोच्या त्रासाला बहुतेक वेळा दिवस ठरलेले असतात. नव्याने उपचार सुरू होणाऱ्या बाईला ही एवढी गोष्ट कुणी आधी नीट सांगितली, तर तिची निम्मी भीती उतरते. मळमळ कोणत्या दिवसांत, तोंड कधी येणार, केस कधी गळणार, ताप कोणत्या आठवड्यात सगळ्यात धोक्याचा, हे साधारण सांगता येतं. दिवस ठाऊक असले की घरातली माणसं, गाडी, औषधं आणि जेवण यांची तयारी आधी करता येते.

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातून मी स्वतः गेले आहे आणि त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच बायकांबरोबर बसून त्यांचे कागद वाचले आहेत. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची तयारी म्हणून वाचा. औषध आणि डोस यांबाबत शेवटचा शब्द त्यांचाच.

आपल्याकडे एक अडचण शहरातल्या बाईपेक्षा वेगळी आहे. कीमो परळला टाटाला, खारघरला, डेरवणला, कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीला होते, आणि त्रास होतो तो घरी, खाडीपलीकडच्या वाडीत, रात्री. म्हणून हा लेख मुख्यतः त्या मधल्या दिवसांचा आहे.

पहिल्या डोसच्या आधी

आधी औषधांची नावं कागदावर मराठीत लिहून घ्या. स्तनाच्या कर्करोगात बऱ्याच जणींना आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी देतात. फाइलवर ते ‘एसी’ असं लिहिलेलं असतं. साधारण चार डोस, दर २१ दिवसांनी, काही ठिकाणी १४ दिवसांनी. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला १२ वेळा, किंवा डोसीटॅक्सेल तीन आठवड्यांनी. तुमचा आराखडा वेगळाही असू शकतो. पण कोणतं औषध चालू आहे ते माहीत असलं की कोणता त्रास अपेक्षित आहे ते कळतं. एसीचा त्रास मुख्यतः मळमळीचा, पॅक्लिटॅक्सेलचा हातापायांच्या मुंग्यांचा. शेजारच्या बाईला झालं तेच आपल्याला होईल असं मानून घाबरू नका, तिचं औषध दुसरं असेल.

दात किडले असतील तर डोस सुरू व्हायच्या आधी दाखवून घ्या, नंतर दात काढणं जोखमीचं होतं. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. तो राहिला असेल तर विचारा. मधुमेह असेल तर तेही ठळक सांगा, कारण उलटी थांबवायला जे स्टिरॉइड देतात त्याने साखर चढते. वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल तर ते बोलणं पहिल्या डोसच्या आधीच झालं पाहिजे. सासूबाईंसमोर बोलायला अवघड वाटलं तर तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना एकट्याने भेटायचं आहे असं सांगा. कीमोत पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून काळजी घ्यायची, आणि तीही हॉर्मोनच्या गोळ्यांनी नाही, निरोध वापरून.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. डॉक्टरांकडून एक पत्र मागून घ्या. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं, शेवटच्या डोसची तारीख आणि ‘ताप आल्यास तातडीने काय करावं’ हे लिहिलेलं असावं. त्याच भेटीत विचारा: रात्री ताप आला तर मी आमच्या भागात नेमकं कुठे जाऊ? रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागचं जिल्हा रुग्णालय, की तालुक्याचं एखादं खाजगी इस्पितळ? उत्तर मिळाल्यावर घरी येऊन त्या ठिकाणी आधी एकदा जाऊन या, तिथल्या डॉक्टरांना पत्र दाखवा. गाडी कुणाची, चालक कोण, त्याचा फोन रात्री चालू असतो का, हे ठरवा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींवर तुमचा रस्ता अवलंबून असेल तर रात्री फेरी बंद असते आणि खाडीला वळसा घालून जायला फार वेळ जातो, हे हिशेबात धरा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सगळ्यांना ठाऊक आहे, पण वाडीपर्यंत गाडी येते की मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावं लागतं, हेही पाहून ठेवा.

डिजिटल थर्मामीटर घ्या. चांगला घ्या, आणि एक सेल जास्तीचा ठेवा.

प्रत्येक डोसच्या आधी रक्ताची सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) लागते. ती गावाजवळच्या लॅबमध्ये आदल्या एक-दोन दिवसांत करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवला तर चालेल का, हे विचारा. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डोस पुढे ढकलतात. एवढा प्रवास करून तिथे गेल्यावर ते कळण्यापेक्षा निघायच्या आधी कळलेलं बरं.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कीमोला लागू होते, पण योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कामात मदत करणारा माणूस) उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा. खर्च होऊन गेल्यावर मागे जाऊन तो बसवणं कठीण. कोकण रेल्वेने जाणार असाल तर कर्करोगाच्या रुग्णांना उपचाराच्या प्रवासासाठी तिकिटात सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्यालाही मोठी सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

डोसच्या दिवशी

सकाळी हलकं पण पोटभर खाऊन जा, उपाशी जाऊ नका. कोपराच्या वर सहज जाईल अशा सैल बाहीचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातात सुई लावायची की नाही, रक्तदाब मोजायचा की नाही, हे तुमच्या सर्जननी सांगितलं असेल. ते सिस्टरांना तुम्ही स्वतः सांगा, गर्दीत त्यांच्या लक्षात राहीलच असं नाही.

शिरा बारीक असतील तर पोर्ट किंवा पिक लाइनबद्दल (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवून ठेवायची नळी) विचारा. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं. म्हणून सलाइन चालू असताना जागेवर आग, टोचल्यासारखं किंवा सूज जाणवली की त्याच क्षणी हाक मारा. ‘त्या कामात आहेत, थांबूया’ असं मनात आणू नका. पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत छाती आवळणं, चेहरा लाल होणं, श्वास लागणं असं काही झालं तरी तसंच. ते ओळखीचं आहे, त्यावर औषध आहे, पण सांगायला हवं.

लाल रंगाचं औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, गेलं की एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे.

परतीचा प्रवास हा वेगळाच विषय. एसीच्या डोसनंतर त्याच दिवशी घाटरस्त्याने किंवा खड्ड्यांतून सहा-सात तास बसणं टाळता आलं तर टाळा. परळ-लालबागला आपल्या गावची माणसं कमी नाहीत. एखाद्या चाकरमान्याच्या खोलीत एक रात्र काढायला संकोच करू नका, ती माणसं आनंदाने ठेवून घेतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाला येणाऱ्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं आधार आहे. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. निघायचंच असेल तर उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, पुढच्या सीटवर बसा, पिशव्या आणि पाणी हाताशी ठेवा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, कधी दरड येऊन थांबतात. जून ते ऑक्टोबरमध्ये डोसच्या तारखेच्या आदल्या दिवशीच पोचायची सवय ठेवा.

पहिले पाच दिवस: मळमळ

मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिली डोसनंतर २४ तासांत, दुसरी दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत. पहिला दिवस बरा गेला म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची अवस्था बघवत नाही. लिहून दिलेल्या गोळ्या मळमळ नसली तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या. सुरू झालेली उलटी थांबवणं अवघड असतं, ती येऊ न देणं त्या मानाने सोपं. ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला घट्ट होतं, डेक्सामेथासोनने झोप उडते म्हणून ती सकाळी खाल्ल्यावर घ्यायची, ओलान्झापिन दिलं असेल तर गुंगी येते म्हणून ते रात्री. एवढं करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर फोन करून दुसरं औषध मागा. सोसत बसण्याने उपचार जास्त लागू पडतो असं काही नसतं.

खाण्याचं आता. आपलं घरचं जेवण या दिवसांना फार सोयीचं आहे. उकड्या तांदळाची पेज, चवीपुरतं मीठ घालून, कोमट किंवा गार, कपभर कपभर दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ भात आणि मेतकूट. कुळथाचं पातळ पिठलं. नाचणीचं सत्त्व. सकाळी उठल्याबरोबर काही तरी कोरडं तोंडात टाका, खारी, टोस्ट, कुरमुरे, आणि मग उठा. आंबट चवीने बऱ्याच जणींची मळमळ बसते. कोकमाचं आगळ पाण्यात, थोडं मीठ घालून, घोटभर घोटभर. पण तोंड आलं असेल तेव्हा हेच आगळ आग करतं, तेव्हा बंद.

गरम अन्नाचा वास गार अन्नापेक्षा जास्त येतो. फोडणीचा, तळणीचा वास सहन होत नसेल तर तुम्ही पडवीत किंवा खळ्यात बसा आणि स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू द्या. सुकट, सुका बोंबील भाजणं त्या आठवड्यात घरात नकोच. घरच्यांना थोडं अवघड जातं, पण पाच दिवसांचा प्रश्न आहे. पाणी, शहाळं, पेजेचं पाणी असं सगळं मिळून दोन-अडीच लिटर पोटात जायला हवं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर शहाळं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

तोंडाला धातूसारखी चव येते. स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरा, नाहीतर हाताने जेवा.

मासे बंद करावेत का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. करू नयेत. या काळात प्रथिनं लागतात आणि ताजे पापलेट, सुरमई, बांगडा पूर्ण शिजवून खाणं चांगलंच. अंडं पूर्ण उकडलेलं. तिसऱ्या, कालवं, खेकडे यांबाबत मी कडक आहे. शिंपल्यांत पाण्यातले जंतू साठतात आणि आपण ते घाईत, अर्धवट वाफवतो. कीमो चालू आहे तोवर ते नकोत. मासे साफ करायला दुसऱ्याला सांगा, काटा बोटात गेला तर त्या जखमेतून संसर्ग होऊ शकतो. सोलकढी घरच्या ताज्या नारळाची, उकळलेल्या पाण्यात काढलेली, लगेच प्यायची. सकाळची रात्री नको. आंबा धुऊन, सोलून, घरी कापलेला चालेल. रस्त्यावरची कापलेली फळं, उसाचा रस, गोळा, कच्ची कोशिंबीर बंद. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी उकळून, विशेषतः पहिला पाऊस पडल्यावर.

एक गोष्ट रुग्णालयात घाईत सांगून होते आणि घरी विसरली जाते. डोसनंतर साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवीत, शौचात, उलटीत असतो. शौचालयात भरपूर पाणी दोनदा ओता. फ्लश असेल तर झाकण लावून दोनदा. उलटीने, लघवीने भिजलेले कपडे वेगळे धुवा, हातमोजे घालून. घरात कुणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर त्यांना हे काम देऊ नका. शेजारी बसणं, मिठी मारणं, एका ताटात जेवणं याने काही होत नाही. नातवंडांना दूर ठेवायची गरज नाही, त्यांना सर्दी-ताप असेल तेव्हा सोडून.

सातवा ते चौदावा दिवस: तापावर नजर

या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. मळमळ संपलेली असते, बाईला बरं वाटायला लागतं, ती लग्नाला जायला निघते, आणि नेमका तेव्हाच धोका असतो. जंतूंशी लढायला शरीरात शिपाई कमी उरलेले असतात, त्यामुळे फार लक्षणंही दिसत नाहीत. खोकला नसेल, लाली नसेल, फक्त ताप असेल.

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, दिसलं की ती तातडीची वेळ. सकाळची वाट पाहायची नाही. क्रोसिन, डोलो घेऊन झोपायचं नाही, कारण गोळीने आकडा उतरतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. ताप नसताना हुडहुडी भरली, चक्कर येऊन बसवेना, बोलणं असंबद्ध झालं, श्वास लागला, तरी हेच. रुग्णालयाच्या क्रमांकावर फोन करा, पत्र घ्या, निघा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘कीमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप आहे.’ हे ऐकून त्यांनी लगेच सीबीसी आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहायची तपासणी) घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला हवं. पोचल्यापासून तासाभरात ते सुरू होणं अपेक्षित असतं. केसपेपर काढायच्या रांगेत उभं राहू नका, सोबतचा माणूस ते करेल.

फोन लागला नाही तरी निघायचंच.

पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, डेंगी, हिवताप सगळंच असतं. ‘सगळ्यांनाच ताप येतोय, आपल्यालाही तोच असेल’ असं घरी बसून ठरवू नका. कीमोवरच्या बाईचा ताप आधी कीमोचा ताप समजून पाहायचा.

संसर्ग टाळण्यासाठी काय करायचं ते कोकणातल्या कामांच्या नावानेच सांगते. लावणीला चिखलात उतरायचं नाही, अनवाणी तर मुळीच नाही. गोठा, शेण काढणं, अंगण सारवणं, कोंबड्यांची खुराडी साफ करणं दुसऱ्याकडे द्या. काजू सोलताना टरफलातला चीक लागून कातडी भाजते, म्हणून त्या हंगामात हात लांब ठेवा. विळी, कोयती जपून. सर्दी झालेला पाहुणा आला तर पडवीतूनच बोला. गणपतीत घर माणसांनी भरतं आणि सगळे मुंबईहून भरलेल्या गाडीतून येतात. आरतीच्या वेळी खिडक्या उघड्या, मास्क लावून, थोडं मागे बसलं की चालतं. भेटायला आलेल्यांना ‘काकू, आत्ता माझ्या पेशी कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगताना वाईट वाटून घेऊ नका. एकदा कारण कळलं की कुणी मनाला लावून घेत नाही.

काहींना डोसनंतर २४ तास उलटल्यावर पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. प्रवासात थर्मासच्या डब्यात ठेवताना बर्फ थेट लागू देऊ नका, मध्ये फडकं असू द्या. वादळवाऱ्यात वीज किती दिवस जाते हे २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या लोकांना सांगायला नको. जनरेटर असलेल्या औषधाच्या दुकानात इंजेक्शन ठेवायची सोय विचारून ठेवा. इंजेक्शन कोण टोचणार तेही आधीच ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर पत्र असलं की सहसा मदत करतात. नंतर एक-दोन दिवस कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. त्यावर गोळी घ्यायच्या आधी ताप मोजा, मगच घ्या.

तोंड, पोट

तोंड सहसा पहिल्या आठवड्याच्या शेवटी, दुसऱ्या आठवड्यात येतं. मऊ ब्रश, आणि कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, पहिल्या दिवसापासून. फोड यायची वाट पाहू नका. अल्कोहोल असलेले बाजारातले माउथवॉश, मिश्री, तंबाखू बंद. मिरची, तिरफळ, लोणचं बाजूला ठेवून आटवल, नाचणीचं सत्त्व, गार दूध असं मऊ खा. पाणीसुद्धा गिळवेना किंवा जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर दाखवा, त्याला औषध लागतं.

बद्धकोष्ठ उलटीच्या गोळ्यांनी होतं. पातळ औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहू नका. एनिमा घ्यायचा नाही, आतली नाजूक कातडी फाटली तर संसर्ग होतो. जुलाब लागले तर ओआरएस, पेज, केळं. दिवसात चार-पाचपेक्षा जास्त वेळा झाले, ताप असला किंवा रक्त पडलं तर फोन.

केस

एसी किंवा पॅक्लिटॅक्सेल, डोसीटॅक्सेल गटातल्या औषधाने पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत केस जातात. आधी टाळू दुखते, मग उशीवर, फणीत झुबके येतात. त्या दिवसांपूर्वीच केस कापून छोटे करणं बऱ्याच जणींना सोपं जातं, लांब वेणी हातात येण्याचा धक्का बसत नाही. भुवया आणि पापण्याही जातात हे आधी सांगायला लोक विसरतात, म्हणून इथे लिहिते.

आपल्या दमट हवेत विग डोक्यावर तासभरही नकोसा होतो. मऊ सुती रुमाल, जुन्या धुतलेल्या साडीचा तुकडा, सुती टोपी हे बरं. उन्हात डोकं झाकायचंच. टाळूला खोबरेल तेलाचा हात फिरवा, रंग आणि मेंदी नको. घरात लहान मुलं असतील तर केस जाण्याच्या आधी त्यांना सांगा, ‘औषध जोरदार आहे म्हणून केस जातील आणि परत येतील’. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर मान्य करतात. कीमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात, कधी कुरळे, कधी रंग बदललेले.

आणि गावात, वाडीत काय म्हणतील? कर्करोग शिवल्याने, भांडं वापरल्याने होत नाही. हळदीकुंकवाला बोलावतील की नाही याची धास्ती आमच्याकडे बायकांना आजाराइतकीच असते. तुम्ही शेजारीण म्हणून हा लेख वाचत असाल तर आमंत्रण द्यायला स्वतः जा. तिला यायला जमेल की नाही ते ती ठरवेल.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर

मळमळ कमी होते, म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण दोन-तीन दिवस अंग मोडल्यासारखं दुखतं आणि हळूहळू बोटांच्या टोकांना, तळपायांना मुंग्या येऊ लागतात. ब्लाउजचे हुक लावता येईनासे झाले, हातातून कप निसटू लागला, चपल पायातून गेलेली कळेना, तर ते पुढच्या भेटीत नक्की सांगा. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. न सांगता सहन केलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

घरात या काळात चुलीपाशी जपा, गरम भांडं लागलेलं उशिरा कळतं. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा. जांभ्याच्या पायऱ्यांवर, शेवाळलेल्या पाणंदीत मागून पट्टा असलेली चपल घाला. रात्री पाय तपासून झोपा, खरचटलेलं जाणवत नाही. डोसीटॅक्सेल असेल तर नखं काळी पडतात, उचलली जातात, पाय सुजतात. नखं कापून छोटी ठेवा, सूज वाढली की कळवा.

झाडपाला, काढे, ओळखीचे वैद्य

हे प्रेमाने देतात, म्हणून नाही म्हणणं अवघड. पण सदाफुलीची पानं चावून खाणं थांबवा. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधं तयार झाली हे खरं, पण ती मोजून, शुद्ध करून, शिरेतून देतात, आणि ती औषधं स्तनाच्या कर्करोगातली मुख्य औषधंही नव्हेत. पानात किती विष जातं ते कुणालाच मोजता येत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडाबाबतही तेच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि कीमोची औषधं यकृतातूनच जातात. घरी काही सुरू केलं असेल तर लपवू नका, डॉक्टर रागावले तरी सांगा. जेवणातली हळद, आलं, ओवा चालतं.

थकवा आणि मन

थकवा डोसागणिक वाढत जातो आणि झोपून भरून निघत नाही. सकाळी ऊन चढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर चालण्याने तो कमी होतो, हे विचित्र वाटलं तरी करून पाहा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते पाहावं लागतं. पाण्याची कळशी, लाकडाचा भारा ऑपरेशन झालेल्या बाजूला उचलायचा नाही, हाताला सूज आली तर दाखवा.

विसरायला होतं, म्हणून एक वही करा. तारीख, ताप, काय खाल्लं, काय दुखलं. दुसऱ्या डोसपर्यंत तुमचे स्वतःचे दिवस त्या वहीत दिसायला लागतात आणि डॉक्टरांना सांगायला नेमकं काही तरी हाताशी असतं. घरातल्या पुरुषमाणसांना मला सांगायचंय की वही लिहिण्याचं, ताप मोजण्याचं आणि पेज करण्याचं काम तुम्ही घ्या. पेज करायला अर्धा तास लागतो आणि ती शिकता येते.

रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं यात स्टिरॉइडचाही वाटा असतो. दोन आठवडे सलग काहीच नकोसं वाटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते उलटीइतकंच खरं लक्षण आहे. तेही फोनवर सांगा, त्यावरही उपचार आहेत.

शेवटचा डोस झाल्यावर

पत्र आणि थर्मामीटर लगेच बाजूला टाकू नका. शेवटच्या डोसनंतरही पेशी त्याच दिवसांत खाली जातात आणि तापाचा नियम तोच राहतो. पोर्ट असेल आणि काढला नसेल तर तो ठरावीक दिवसांनी धुऊन घ्यावा लागतो, ती तारीख कॅलेंडरवर मांडा. काहींना पुढे ट्रास्टुझुमाब हे इंजेक्शन देतात, त्याचाही हृदयावर परिणाम होऊ शकतो. ते चालू असेल तर साधारण तीन महिन्यांनी एको होतो. धाप लागली, पायाला सूज आली तर त्या तारखेची वाट न पाहता दाखवा. रेडिएशनच्या तारखा, हॉर्मोनच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, पुढची तपासणी कधी, हे घरी निघायच्या आधी त्याच वहीत लिहून घ्या आणि वाचून दाखवून खात्री करा.